घोडे बदलण्याचं गाव

आमच्या माळ्यावर एक बाजाची पेटी आहे. तिच्या शेजारी क्रोशाच्या सुया आणि लोकरीचे सात गुंडे, मोडी लिपीच्या सरावाच्या चार वह्या (चौथी जवळजवळ कोरी), मातीकामाची अवजारं आणि एक दुर्बीण. दुर्बिणीला तिवईही होती; ती कुठे गेली हे घरात कुणालाच माहीत नाही. यातली प्रत्येक वस्तू घरात आली त्या दिवशी मला माझं आयुष्य सापडलं होतं. मोडीचं खूळ होतं तेव्हा मी रात्री दोनपर्यंत जागून अक्षरं गिरवायचे, दुधाचा हिशेबसुद्धा मोडीत लिहायचे. मग एका सकाळी उठले आणि वहीकडे पाहून काहीच वाटलं नाही. राग नाही, कंटाळाही नाही. शेजाऱ्यांच्या घरातल्या वस्तूकडे पाहावं, तसं पाहिलं आणि वही मिटली.

अशा माणसासाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. आरंभशूर, धरसोड्या, वेंधळा, धांदरट, पायाला भिंगरी बांधलेली. आजीचा शेरा एकच असायचा : एक ना धड, भाराभर चिंध्या. शाळेच्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी तेच वाक्य निरनिराळ्या हस्ताक्षरांत : हुशार आहे, पण लक्ष देत नाही. हे सगळे शब्द स्वभावावर बोट ठेवतात. मेंदूकडे त्यातला एकही शब्द वळत नाही. ते बोट फिरवायला माझ्या बाबतीत बेचाळीस वर्षं लागली. मानसोपचारतज्ज्ञांनी दोन-तीन बैठकींत लहानपणापासूनचा इतिहास विचारला, आईशी फोनवर बोलले, प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि चार अक्षरं लिहिली : एडीएचडी.

या नावातच एक घोटाळा आहे. लक्षाची उणीव, असं नाव सांगतं. खरं तर लक्ष कमी नसतं. ते हुकमी नसतं. आमच्या बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यातल्या कुणालाही हे नळाच्या उदाहरणाने चटकन कळेल. पाणी येतं, आणि येतं तेव्हा धो धो येतं. पण कधी येणार हे आपल्या हातात नसतं. पाणी आलं की पिंपं, हंडे, बादल्या भरून घ्यायच्या. ते गेल्यावर तोटीखाली बसून तोटीला शिव्या देण्यात अर्थ नाही. माझं अर्धं आयुष्य तोटीखाली बसण्यात गेलं.

आजाराची नोंद जुनी आहे. १८४०च्या दशकात हाइनरिश हॉफमान या जर्मन डॉक्टराने मुलांसाठी लिहिलेल्या सचित्र पुस्तकात जेवणाच्या टेबलाशी स्वस्थ न बसणारा फिलिप आहे. शेवटी तो टेबलक्लॉथसकट सगळी ताटं खाली ओढतो. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने अशा मुलांवर व्याख्यानं दिली. अर्थात त्यालाही हा नीतीचा दोष वाटला होता, म्हणजे आमच्या आजीपेक्षा तो फार पुढे नव्हता. आज वापरात असलेल्या अमेरिकी निकषांमध्ये अठरा लक्षणं आहेत, नऊ लक्ष न टिकण्याची आणि नऊ अतिचंचलता-उतावीळपणाची. मुलांमध्ये कोणत्याही एका गटातली किमान सहा, सतरा वर्षांपुढे किमान पाच. ती बारा वर्षांच्या आधीपासून दिसायला हवीत. घर आणि शाळा किंवा घर आणि कचेरी अशा किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत. आणि त्यांनी आयुष्याचं खरोखर काही बिघडवलेलं असायला हवं. ही शेवटची अट महत्त्वाची. मोबाइलमुळे लक्ष विचलित होणं म्हणजे एडीएचडी नव्हे. रील पाहून स्वतःचं निदान करणाऱ्यांनी ‘बारा वर्षांच्या आधीपासून’ हे शब्द पुन्हा वाचावेत.

जगभरच्या पाहण्या एकत्र केल्या तर मुलांमध्ये हे प्रमाण साधारण पाच टक्के आणि प्रौढांत अडीच टक्क्यांच्या आसपास येतं. बदलापूर लोकलच्या एका डब्यात सकाळी दोनशे माणसं कोंबलेली असतात असं धरलं, तर त्यातली पाच आमच्या जातकुळीतली. हे रक्तातूनही उतरतं. जुळ्यांच्या अभ्यासांतून अनुवंशाचा वाटा ७४ टक्क्यांच्या आसपास निघतो; जवळजवळ उंचीइतका. म्हणून बऱ्याच घरांत मुलाला डॉक्टरकडे नेलं जातं आणि प्रश्नावली भरता भरता आईचा हात थबकतो. बायकांच्या बाबतीत हे विशेष घडतं. वर्गात उड्या मारणारा मुलगा शिक्षकांना दिसतो. खिडकीबाहेर पाहत बसलेली मुलगी कुणाला त्रास देत नाही, म्हणून दिसत नाही. मोठी झाल्यावर तिच्याकडून रोज दूध उतू जातं आणि घरातले हसतात. गॅससमोर उभी असूनही ते उतू जातं, हे कुणाला खरं वाटत नाही.

दूध का उतू जातं आणि मोडीची चौथी वही कोरी का राहते, याचं उत्तर मेंदूत आहे. डोपामाइन या रसायनाला वर्तमानपत्रं ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात. ते अर्धवट आहे. त्याचं मुख्य काम आनंद देण्याचं नाही, ओढ लावण्याचं आहे. ‘इथं काहीतरी मिळणार आहे, चल,’ असं ते सांगतं. नोरा व्होल्को यांच्या गटाने २००९ साली एडीएचडी असलेल्या पण औषध न घेतलेल्या ५३ प्रौढांच्या मेंदूची छायाचित्रं प्रसिद्ध केली. बक्षिसाच्या, प्रेरणेच्या मार्गावर डोपामाइनच्या खुणा त्यांच्यात इतरांपेक्षा कमी आढळल्या. म्हणजे दूरचं बक्षीस आमच्या मेंदूला अंधुक दिसतं. वर्षभराने मोडीतली दप्तरं वाचता येतील, ही गोष्ट इतरांना रोज अर्धा तास बसवते, आम्हाला नाही. उलट नवी गोष्ट पहिल्या तीन-चार आठवड्यांत तासातासाला बक्षीस देते. काल ‘क’ येत नव्हता, आज आला! तेव्हा आम्ही जेवण विसरून बसतो. सहाव्या आठवड्यात शिकण्याचा चढ मंदावतो, सराव सुरू होतो, आणि ओढ संपते. आळशीपणाशी याचा काही संबंध नाही. आळशी माणूस रात्री दोनपर्यंत जागत नाही.

पूर्वभाग कवच, म्हणजे कपाळामागचा मेंदू, हा या घराचा कारभारी. काय आधी, काय नंतर, किती वेळ झाला, आत्ता गप्प बसायचं की बोलायचं, हे तो पाहतो. फिलिप शॉ यांच्या २००७ सालच्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूचं कवच पूर्ण जाडीला साडेदहाव्या वर्षाच्या आसपास पोहोचलं. इतर मुलांचं साडेसातव्या. कारभारी येतो, पण तीन वर्षं उशिरा, आणि पुष्कळांच्या बाबतीत आल्यावरही अर्धवेळच काम करतो.

आता आमच्या गावाचं नाव. बदलापूरमध्ये कुणालाही विचारा, एकच गोष्ट सांगतील : कोकणातून सुरत-गुजरातकडे जाणारे मराठ्यांचे स्वार इथं दमलेले घोडे बदलायचे, म्हणून बदलापूर. मी ही गोष्ट शेकडो वेळा ऐकली होती. निदान झाल्यानंतरच्या एका पावसाळ्यात, उल्हास नदीच्या पुलावर रिक्षा अडकलेली असताना, ती पहिल्यांदा कानात शिरली. घोडा बदलणाऱ्या स्वाराला कुणी धरसोड्या म्हणत नव्हतं! एकाच घोड्यावर सुरतेपर्यंत जाऊ पाहणारा मूर्ख ठरला असता, आणि घोडा मेला असता. फक्त एक अट होती. घोडा बदलताना खलित्याची थैली जुन्या घोड्यावर राहता कामा नये.

माझ्या माळ्याची अडचण तिथं होती. घोडे बदलले याची नव्हे. प्रत्येक वेळी थैली मागे राहिली याची.

थैली सोबत नेणाऱ्या माणसाचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण शोधायला फार लांब जावं लागत नाही. तो माणूस आमच्याच स्टेशनांवरून गेलेला आहे. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके मुंबई-लोणावळा ये-जा करायचे तेव्हा गाडी कल्याण सोडून अंबरनाथ, बदलापूर, कर्जत करतच घाट चढायची. दुसरा लोहमार्गच नव्हता. आधीच सांगून टाकते, दादासाहेबांना एडीएचडी होता असं मी म्हणत नाही. गेलेल्या माणसाची प्रश्नावली भरता येत नाही, आणि थोरांना आपल्या आजाराच्या यादीत ओढण्याचा हल्लीचा नाद मला आवडत नाही. मी फक्त त्यांचे घोडे मोजते.

जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला. मग बडोद्याचं कलाभवन : तैलचित्र, जलरंग, मूर्तिकाम, वास्तुकला आणि छायाचित्रण. गोध्रा इथं फोटो स्टुडिओ. तिथं प्लेगने पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुन्हा बडोद्यात धंदा, पण कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशी वदंता पसरली आणि गिऱ्हाईक आटलं. नाटकांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले आणि आपलं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग केले. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून सरकारी नोकरी. स्वदेशीच्या वाऱ्यात तीही सोडली. मग छापखाना, राजा रविवर्म्यांच्या चित्रांसाठी शिलाछपाईची कामं, १९०९ मध्ये तीनरंगी छपाईची यंत्रं आणायला जर्मनी. परत आल्यावर भागीदारांशी बिनसलं आणि चालता छापखाना सोडून घरी. वय चाळीस, हातात काही नाही. तेव्हाच्या नातेवाइकांनी चिंध्यांची म्हण वापरली नसेल, असं मला वाटत नाही.

१९११ मध्ये गिरगावातल्या तंबूत त्यांनी येशूच्या आयुष्यावरचा चित्रपट पाहिला आणि नवा घोडा भेटला. तो एवढा जोराचा की रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि प्रयोग करून काही काळ दृष्टी गेली. १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा आणला. पैसे देणाऱ्यांना पटावं म्हणून कुंडीत वाटाणा पेरला आणि रोपाचं रोज थोडं थोडं चित्रण करून काही क्षणांत वेल वाढताना दाखवला. त्या छोट्याशा फिल्मकडे नीट पाहिलं तर थैली दिसते. छायाचित्रकाराचा डोळा त्यात आहे आणि जादूगाराची हातचलाखीही. छापखान्यातली चिकाटी आहे. ३ मे १९१३ रोजी कोरोनेशन थिएटरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा पडदे रंगवणारा, रंगभूषा करणारा, रसायनं ओळखणारा, महालांची प्रमाणं जाणणारा आणि डोळ्यांदेखत माणूस गायब करू शकणारा असा सगळा चमू एकाच माणसात होता. सुटलेला एकही घोडा वाया गेला नव्हता.

या कथेत दुसरं एक माणूस आहे आणि मला तिच्याविषयी जास्त कुतूहल वाटतं. सरस्वतीबाई फाळके, दादासाहेबांची दुसरी पत्नी. दागिने तिचे गेले. कच्च्या फिल्मच्या कडांना रात्री भोकं पाडायची ती, फिल्म धुवायची ती, आणि साठ-सत्तर जणांचा स्वयंपाकही तीच करायची. दादासाहेबांना सिनेमा कंपनीचा कंटाळा आला, ते १९२०च्या सुमारास सगळं सोडून काशीला गेले आणि ‘रंगभूमी’ नावाचं नाटक लिहीत बसले, तेव्हाही संसार होताच. अनेक छंदांच्या माणसाचं कौतुक करताना थैली कोण सांभाळत होतं हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. माझ्या घरात तो प्रश्न विचारला गेला. विचारणारा नवरा होता, आणि हातात क्रेडिट कार्डाचं बिल होतं.

म्हणून ‘एडीएचडी ही देणगी आहे’ हे वाक्य ऐकलं की मला ते बिल आठवतं. सर्जनशीलतेचं संशोधन काय सांगतं ते थोडं सावधपणे पाहायला हवं. हॉली व्हाइट आणि प्रीती शाह यांनी २००६ मध्ये एडीएचडी असलेल्या विद्यार्थ्यांना विटेचे उपयोग सुचवण्याच्या धर्तीवरची कामं दिली. नव्या, अनपेक्षित कल्पना सुचण्यात ते सरस ठरले. पण तीन शब्दांना जोडणारा एक नेमका शब्द शोधा, म्हटल्यावर मागे पडले. २०२० मध्ये मार्टिन होगमान आणि सहकाऱ्यांनी असे पुष्कळ अभ्यास एकत्र पाहिले. ज्यांच्यात लक्षणं जास्त पण निदानापर्यंत न पोहोचलेली, त्यांच्यात कल्पनांचा झरा मोठा दिसला. निदान झालेल्यांत तो तसा ठामपणे दिसला नाही. माझा यावरून काढलेला अर्थ असा, की कल्पना सुचणं हा आमचा प्रश्न कधी नव्हताच.

आजूबाजूची परिस्थिती मात्र फार फरक करते. केनियातल्या आरिआल या पशुपालक जमातीतल्या पुरुषांचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. डोपामाइनच्या ग्राहकाशी संबंधित एका जनुकाचा जो प्रकार एडीएचडीशी जोडला जातो, तो असलेले भटके पुरुष भटक्यांमध्ये अधिक धष्टपुष्ट होते. तोच प्रकार असलेले, पण नुकतेच स्थायिक झालेले पुरुष त्यांच्या शेजाऱ्यांपेक्षा खंगलेले. जनुक तेच, फक्त पायाखालची वाट बदललेली. हे वाचल्यावर मला दोन स्टेशनं पलीकडचं उल्हासनगर आठवतं. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींनी नव्या नगराची कोनशिला बसवली, आणि ज्याचा जो धंदा सिंधमध्ये होता तो इथं चालेलच असं नव्हतं. जमेल ते करून पाहायचं, नाही जमलं तर दुसरं. त्यातून फर्निचरचा बाजार उभा राहिला आणि पाच नंबर कॅम्पातली जीन्सही. ‘मेड इन यूएसए’ (म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन) हा विनोदही तिथलाच. तिथं धंदा बदलणारा धरसोड्या ठरत नाही, हुशार ठरतो. आणि कापून उरलेल्या चिंध्या वजनावर विकल्या जातात, हे आजीला सांगायचं राहून गेलं.

तर आता माझ्याकडे माळा नाही, पागा आहे. चार घोडे एकावेळी : लेखन, पेटी, मोडी, क्रोशा. पाचवा आला तर एकाला बाहेर काढायचं, म्हणजे कुणाला तरी द्यायचं. उतरताना जिथं थांबले तिथं पुढच्या वेळचं पाऊल लिहून ठेवायचं, ‘मोडी : तिसरी वही, पान ४०, जोडाक्षरांपासून’, कारण सहा महिन्यांनी परत येणारी बाई मला ओळखत नसते. नवीन काही सुरू करायचं तर पहिला महिना उसनवारीवर. पुस्तक विकत न घेता आधी वाचनालयात, आणि जुन्या मराठी पुस्तकांसाठी बदलापूरला ‘ग्रंथसखा’सारखं वाचनालय असणं हे आमचं भाग्य. ‘संध्याकाळी सराव करीन’ हा संकल्प माझ्या मेंदूला ऐकूच येत नाही. ‘चहाचा कप विसळला की पेटी उघडीन’ हे ऐकू येतं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक झालं की तमुक’ अशा संकल्पांवर पुष्कळ काम केलं आहे, आणि एडीएचडी असलेल्या मुलांनाही त्यांचा उपयोग होतो असं दिसलं आहे.

सगळ्यात मोठी मदत मात्र मला लोकलने केली. दुसरं कुणीतरी शेजारी आपापलं काम करत बसलं की आमचं लक्ष ठरतं, असा अनेकांचा अनुभव आहे. परदेशात त्यासाठी आता पैसे देऊन ऑनलाइन सोबती मिळतात. इथं लेडीज डब्यात कुणी मटार सोलत असते, कुणी मेथी निवडत असते, कुणी पोथी वाचत असते, पलीकडच्या डब्यातून टाळांचा आवाज येत असतो. बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. बसायला जागा मिळाली तर, आणि ही जर-तरची गोष्ट बदलापूरकरांना समजावून सांगायला नको, एक शाल दोन महिन्यांत होते. माझी झाली. आयुष्यात पूर्ण झालेली पहिली.

या सगळ्या युक्त्या औषधाची जागा घेत नाहीत. मिथाइलफेनिडेट हे औषध १९४४ मध्ये सिबा कंपनीतल्या लेआंद्रो पानिझोन यांनी तयार केलं. पत्नी मार्गारिटच्या ‘रिटा’ या लाडक्या नावावरून त्याला रिटालिन म्हटलं गेलं. ते डोपामाइन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन लगेच परत शोषलं जाऊ देत नाही, त्यामुळे अंधुक बक्षीस थोडं स्पष्ट दिसतं. आपल्याकडे ते परिशिष्ट एक्समध्ये आहे : चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत औषधविक्रेता दोन वर्षं जपून ठेवतो. त्यामुळे प्रत्येक दुकानात ते मिळत नाही. उत्तेजक नसलेलं अ‍ॅटोमॉक्सेटिनही आहे. कोणतं, किती, हे डॉक्टरच ठरवतील, कारण हृदय, रक्तदाब, झोप हे सगळं पाहावं लागतं. आणि औषध घेऊनही अडचणी उरतात. अशा ८६ प्रौढांवर मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये स्टीव्हन सॅफ्रेन यांनी केलेल्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डायरी, यादी आणि कामाचे तुकडे पाडणं शिकवणाऱ्या उपचारपद्धतीने नुसत्या शिथिलीकरणापेक्षा जास्त फायदा झाला. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं वेगळं नाव नाही. मात्र त्याच्या जोडीने अनेकदा येणारी अध्ययन अक्षमता आहे, त्यामुळे मुलाची तपासणी करताना दोन्हींची करून घ्यावी. आमच्या पट्ट्यातून ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच संस्था जवळ आहे. कुठून सुरुवात करावी हेच सुचत नसेल तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

पाचव्या घोड्याचा नियम पाळायचा म्हणून दुर्बीण द्यायची ठरवली आहे. चांगली आहे, शनीची कडी दिसतात. बदलापूर-अंबरनाथमधल्या एखाद्या शाळेला हवी असेल तर जरूर न्यावी. तिवई तेवढी त्यांना शोधून काढावी लागेल.